दळण

सातवीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी
हुपरीकर बाईंनी फळ्यावर लिहिलं:
सुट्टीत किमान पाच पुस्तकं वाचा.
जूनमध्ये वहीत नोंद दाखवा.
घंटा झाली. फळा कुणी पुसलाही नाही.

आमच्या घरात छापील म्हणाल तर
माझी शाळेची पुस्तकं, कालनिर्णय आणि गॅसचं कार्ड.

पण धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या जरा अलीकडे,
ताम्हाण्यांच्या गिरणीत काट्याखाली एक खोका होता.
वरच्या खोलीतला स्पर्धा परीक्षेचा मुलगा
तिसऱ्यांदा नापास होऊन गावी गेला, तेव्हा
दोन महिन्यांच्या भाड्यापोटी ठेवून गेलेला.
त्यात गाईडं, चालू घडामोडी, घडीवर फाटलेला नकाशा,
आणि तळाशी एक कादंबरी, कव्हर नसलेली.
एक मुलगी होडी घेऊन बापाला शोधायला निघते.

"घरी नेऊ?"
ताम्हाण्यांनी पाटीकडे बोट केलं: उधारी बंद.
"दळण होईस्तोवर बस. वाच."

मग मी धान्याच्या हिशोबानं वाचायला लागले.
पाच किलो गहू म्हणजे नऊ पानं.
ज्वारी सात.
हरभऱ्याची डाळ सगळ्यांत भली, हळू उतरते,
एक अख्खं वादळ बेसनात पार पडलं.

घरचं दळण तीन दिवसांत संपलं.
चौथ्या दिवशी मी जिन्याजिन्यात विचारत फिरले:
काकू, दळण आहे का?
तांबोळी भाभींची बाजरी, खैऱ्यांची थालीपिठाची भाजणी,
तळमजल्यावरच्या नव्या नवरीचे गहू,
जिला जाड की बारीक हे अजून सांगता येत नव्हतं.
भर दुपारी डोक्यावर डबा, पायात आईची चप्पल.
"पोरगी गुणाची हो," बिल्डिंग म्हणायची.
आई म्हणायची, "घरात साधी काडी हलवत नाही ती."
मी गप्प. माझी होडी तेव्हा खडकात अडकली होती.

पुण्यात समुद्र नाही.
मुठेतसुद्धा त्या महिन्यात पाणी नव्हतं.
पण पट्टा सुरू झाला की जमीन थरथरायची,
पोत्यावर बसलेली मी थोडी थोडी डोलायचे,
आणि पानांवर पांढरं काहीतरी उडत राहायचं.

मिरचीच्या दिवशी होडीतला म्हातारा मेला.
सगळी गिरणी शिंकत होती, डोळे पुसत होती.
मीही पुसले. कुणी काही विचारलं नाही.

मग एका गुरुवारी वीज गेली.
निम्मी ज्वारी वर, निम्मं पीठ खाली, पट्टा लोंबता.
बायका महावितरणचा उद्धार करत घरी गेल्या.
मी तिथंच. चाळीस पानं, दारातल्या उजेडात.
इतके दिवस मी आवाजातच वाचत आले होते.
त्या शांततेत पहिल्यांदा
ती मुलगी हाक मारते ती मला ऐकू आली.
मान वर केली तर ताम्हाणे
तराजूला टेकून उभे.
"सापडला का बाप?"
"अजून नाही."
"हं," म्हणाले, आणि उगाचच काटा पुसत बसले.

मेच्या अखेरीस आई परातीत हात घालून म्हणाली,
"हल्ली पीठ फार बारीक यायला लागलंय गं.
पूर्वी कसं घाईघाईत भरडून द्यायचा मेला."
खैरेकाकूही तेच म्हणाल्या. तांबोळी भाभीही.
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी दगडांमधल्या फटीकडे,
आणि चाकावरच्या त्यांच्या हाताकडे
नुसती पाहत बसले. दोन पानं वाया गेली.

जूनमध्ये बाईंनी वही मागितली.
पुस्तकाचं नाव: फाटलं आहे.
लेखक: फाटला आहे.
किती वाचलं: एकशे बारा किलो.
बाईंनी चष्मा काढला, परत घातला.
"आणि बाकीची चार?"

बाप सापडला का, ते मी लिहिलं नव्हतं.
ते आधी ताम्हाण्यांना सांगायचं होतं,
आणि त्या दिवशी नेमकं
आमचे गहू अजून निवडायचे होते.